रिटर्न कुणी भरायचं?

प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर आयटीआर-२ भरायला घेतला की सुरुवातीच्या माहितीतच एक प्रश्न येतो: कलम ५ए प्रमाणे तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? सोलापूरचा किंवा ठाण्याचा माणूस इथे क्षणभर बुचकळ्यात पडतो आणि 'नाही'वर क्लिक करून पुढे जातो. मडगावच्या माणसाने मात्र इथेच थांबायला हवं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार लग्नानंतर पती-पत्नीची मिळकत समाईक धरली जाते आणि प्राप्तिकर कायदाही ते मानतो. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, व्याज, धंद्यातला नफा, हे दोघांत निम्मं-निम्मं वाटून ज्याने त्याने आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. समजा, घर नवऱ्याच्या नावावर आहे, एका कंपनीला वर्षाला आठ लाख भाड्याने दिलंय आणि कंपनीने दहा टक्क्यांनी ८० हजार टीडीएस कापलाय. पोर्टल ही सगळी रक्कम नवऱ्याच्या पॅनवर आयती भरून आणतं. त्यातलं चार लाख भाडं आणि ४० हजार टीडीएस बायकोकडे वळवायचा असतो, आणि ते काम पोर्टल आपणहून करत नाही.

याहून गंमत पुढे आहे. पगार आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असलेला गोव्यातला विवाहित नोकरदार सोपा म्हणून आयटीआर-१, म्हणजे 'सहज', उघडतो. त्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नाही. कारण ज्याचं उत्पन्न असं वाटून दाखवायचं असतं त्याने 'सहज' भरायचाच नसतो. बेरीज चोख होते, कर पैशापर्यंत अचूक निघतो आणि रिटर्न तरीही चुकीचं असतं.

'ऑनलाइन आपलं आपण भरू की सीएकडे देऊ' हा विषय जून-जुलैत ऑफिसच्या कँटीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही निघतो आणि बहुधा फीवर येऊन थांबतो. सीए एवढे घेतो, अमुक वेबसाइट तेवढे घेते, सरकारी पोर्टल फुकट. माझ्या मते फी ही यातली सगळ्यात गौण बाब. आकडेमोड यंत्र माणसापेक्षा चांगली करतं, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. बघायचं ते इतकंच, की तुमच्या यंदाच्या रिटर्नमध्ये आकडेमोड किती आहे आणि 'हे दाखवायचं का, कुठे दाखवायचं, कुणाच्या नावावर दाखवायचं' असे निर्णय किती आहेत.

ज्यांच्या रिटर्नमध्ये निर्णय जवळजवळ नसतातच, अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशभरात ७ कोटी २८ लाखांहून अधिक रिटर्न्स दाखल झाली (त्यातली जवळपास ७० लाख एकट्या शेवटच्या दिवशी!) आणि त्यांपैकी ४५.७७ टक्के 'सहज' होती. निवासी व्यक्ती, उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, घर, थोडं व्याज आणि अलीकडे शेअर किंवा इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा, एवढं त्यात बसतं. पगार फॉर्म १६ मधून येतो, व्याज बँकेने कळवलेलं असतं, टीडीएस ट्वेंटी-सिक्स-एएसमध्ये दिसतो. जुन्या आणि नव्या करपद्धतीची तुलनाही पोर्टल शेजारी-शेजारी मांडून दाखवतं. तासाभराचं काम. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं, तेही ३० दिवसांच्या आत, नाहीतर भरलेलं रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत. या मंडळींनी यासाठी कुणाला पैसे का द्यावेत, मला कळत नाही.

नव्या करपद्धतीने हे आणखी सोपं केलं आहे. २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. ८०सी, ८०डी, घरभाडे भत्ता यांना तिथे जागा नाही. मार्च महिन्यात विम्याच्या पावत्या गोळा करून 'साहेब, अजून कुठे काही बसतं का बघा' म्हणायचे दिवस सरत आले. वजावटी शोधून देणारा माणूस ही सीएची घरगुती ओळख त्याबरोबर पुसट होत चालली आहे आणि त्याला स्वतःलाही त्याचं फारसं दुःख असेल असं वाटत नाही.

मात्र आयतं भरून आलेलं बरोबरच असतं, अशी एक समजूत या सोयीतून पसरली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, मिळू लागलं. त्यात तुमचं बचत खात्याचं व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडांची खरेदी-विक्री, परदेशी पाठवलेले पैसे असं बरंच काही असतं. पण ते दुसऱ्यांनी खात्याला कळवलेलं असतं. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते. संयुक्त खात्यातलं व्याज भलत्याच नावावर येऊन बसतं. उलट गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीवर सभासदाला मिळालेलं व्याज तिथे दिसेलच असं नाही, कारण बऱ्याच पतसंस्थांना सभासदाच्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नाही. दिसलं नाही म्हणून ते करमुक्त होत नाही. बँकेने टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, हाही असाच गोड गैरसमज: बँक दहा टक्के कापते आणि तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असता. उरलेले वीस टक्के तुम्हीच भरायचे असतात.

शेतीचंही तसंच. साताऱ्याच्या शाळेत शिकवणारे गुरुजी गावाकडच्या उसाचे दोन लाख रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं हे सगळ्यांनाच पाठ आहे. करमुक्त आहे हे खरं. पण पाच हजारांच्या वर गेलं की 'सहज' चालत नाही, आयटीआर-२ लागतो, आणि बाकीच्या उत्पन्नावर कराचा टप्पा ठरवताना हे उत्पन्न हिशेबात धरतात. पोर्टलला उसाची पट्टी कुठून दिसणार?

आता ज्यांच्या आयुष्यात करवर्ष असं सरळ जात नाही, त्यांच्याकडे वळू. हिंजवडीतल्या एखाद्या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या इंजिनिअरला पगाराबरोबर मूळ कंपनीचे शेअर मिळतात, ज्यांना तिथे सगळे आरएसयू म्हणतात. शेअर हातात पडतात तेव्हा त्यांची किंमत पगारात धरली जाते, त्यावर टीडीएस कापला जातो आणि ते सगळं फॉर्म १६ मध्ये येतं. कर कापला गेला, विषय संपला, असं त्याला वाटतं. इथून पुढे खरं काम सुरू होतं. ते शेअर परदेशातली मालमत्ता असल्याने 'सहज' बाद. आयटीआर-२ मधल्या एफए या परिशिष्टात प्रत्येक खेपेचे शेअर लिहायचे: कंपनीचं नाव-पत्ता, कधी मिळाले, तेव्हाची किंमत, काळातली सर्वांत जास्त किंमत, अखेरची किंमत. आणि हा काळ आपल्या एप्रिल ते मार्चचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. बाकीचं सगळं रिटर्न एका वर्षाचं आणि हा एक तक्ता दुसऱ्याच वर्षाचा! डॉलरचे रुपये करायला स्टेट बँकेचा दर घ्यायचा. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले गेले असतील तर त्याचं श्रेय घ्यायला फॉर्म ६७ वेगळा भरायचा. शेअर विकले असतील तर नफा काढताना खरेदी किंमत शून्य नसते, पगारात धरलेली किंमत हीच खरेदी किंमत. हे न कळल्याने त्याच पैशावर दोनदा कर भरणारे लोक आहेत.

हे सगळं एकदा समजून घेतलेला इंजिनिअर दुसऱ्या वर्षापासून स्वतः भरू शकतो आणि बरेच जण भरतातही. एक्सेल शीटवर त्यांचा हात सीएच्या ऑफिसातल्या मुलांपेक्षा जास्त सफाईदार असतो. पण पहिल्या वर्षी विचारून घ्यावं. परदेशी मालमत्ता लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो माफ आहे. तरीही दहा लाखांच्या दंडाच्या सावलीत अंदाजाने रकाने भरण्यात शहाणपण नाही.

फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या तरुणांचं थोडक्यात सांगतो. तो भांडवली नफा नाही, धंदा आहे, आयटीआर-३ लागतो. तोटा झाला असेल, आणि बहुतेकांना होतोच, तर तो पुढच्या आठ वर्षांत वापरायला ठेवता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. मुदत उलटून गेल्यावर आठवण आली तर ती सवलत गेली.

घरविक्री मात्र निवांत पाहण्यासारखी आहे, कारण यंत्र कुठे उपयोगी पडतं आणि कुठे हात टेकतं हे त्यात शेजारी-शेजारी दिसतं. २००५-०६ मध्ये २० लाखांना घेतलेला पुण्यातला फ्लॅट ऑक्टोबर २०२४ मध्ये एक कोटीला विकला, असं धरू. २३ जुलै २०२४ पासून घरांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय त्यात नाही. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी जुनी वाट मोकळी ठेवली आहे: किंमत वाढवून घ्या आणि २० टक्के भरा. जुन्या वाटेने निर्देशांक ११७ चा ३६३ होतो, २० लाखांचे सुमारे ६२ लाख होतात, नफा उरतो ३८ लाखांच्या आत-बाहेर, कर साधारण ७ लाख ५९ हजार. नव्या वाटेने नफा ८० लाख, कर दहा लाख. म्हणजे जुनी वाट सव्वादोन लाखांहून जास्त वाचवते. तोच फ्लॅट दोन कोटींना गेला असता तर हिशेब फिरतो: नव्या वाटेने साडेबावीस लाख, जुन्या वाटेने साडेसत्तावीसच्या पुढे. (उपकर, अधिभार सोडून.) ही तुलना कोणतंही बरं सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं. यासाठी माणूस नको.

माणूस लागतो तो यानंतरच्या प्रश्नांना. रेडी रेकनरची किंमत सौद्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कर त्या किमतीवर बसतो. तसं होतंय का? घर वडिलोपार्जित आहे का? तसं असेल तर खरेदी किंमत तुमची नव्हे, आजोबांची किंवा वडिलांची धरायची आणि ती २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. बहिणींनी हक्कसोडपत्र केलं होतं का, आणि ते पैसे घेऊन की न घेता? आलेल्या पैशातून नवं घर घ्यायचं की कलम ५४ईसीचे रोखे? रोख्यांची मुदत विक्रीपासून सहा महिने. ऑक्टोबरात घर विकणाऱ्याची ती मुदत एप्रिलमध्ये संपते, आणि पोर्टल तो जुलैत उघडतो. तोवर सॉफ्टवेअर तर सोडाच, कितीही हुशार सीए असला तरी तो गेलेली तारीख परत आणू शकत नाही. घर विकणाऱ्याने सीएकडे जायचं ते साठेखतावर सही करण्याआधी. आपल्याकडे लोक वर्षभर सगळे व्यवहार उरकतात आणि जुलैत कागदांची पिशवी घेऊन जातात. रोग बरा होऊन गेल्यावर डॉक्टरकडे फक्त बिलाची पावती मागायला जावं, तसा हा प्रकार.

मुंबई-पुण्यात सध्या प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत पुनर्विकास चालू आहे. नवीन इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर दरमहा भाड्याचे पैसे देतो, एखाद्या सभासदाला कॉर्पसही मिळतो. हे उत्पन्न आहे का? मुंबईतल्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने अशा भाड्याला करपात्र उत्पन्न न मानणारे निवाडे दिले आहेत. पण फॉर्ममध्ये 'बिल्डरकडून आलेलं भाडं' असा रकाना नाही. बँक खात्यात दरमहा चाळीस हजार जमा झालेले दिसतात. ते का दाखवले नाहीत, हे उद्या कुणी विचारलं तर सांगण्यासाठी कागद तयार हवेत. इथे तुम्ही सल्ला विकत घेता, टायपिंग नाही.

सॉफ्टवेअरबद्दलची एक गोष्ट गेल्या दोन वर्षांत फार ठळकपणे समोर आली आणि तिचा निकाल मुंबईतच लागला. २०२३-२४ या वर्षात नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला कलम ८७ए खाली २५ हजारांपर्यंत सूट होती. प्रमाणित वजावटीनंतर पाच लाख पगार आणि शेअरवरचा अल्पकालीन नफा एक लाख, असा एक माणूस घ्या. पगारावरचा कर दहा हजार, शेअरच्या नफ्यावर तेव्हाच्या दराने पंधरा हजार, एकूण पंचवीस. सूटही पंचवीस. कर शून्य. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत खात्याची स्वतःची प्रणाली हेच उत्तर देत होती. ५ जुलैला तिच्यात बदल झाला. त्यानंतर तीच माहिती भरली की सूट फक्त पगारावरच्या दहा हजारांना मिळू लागली, आणि या माणसाला उपकरासह १५ हजार ६०० रुपये भरायला सांगितले जाऊ लागले. कायद्याचं एक अक्षर बदललं नव्हतं, बदललं होतं ते प्रोग्रॅममधलं एक गणित. खासगी संकेतस्थळं आणि सीएंची सॉफ्टवेअर्सही शेवटी खात्याच्याच साच्यात माहिती पाठवत असल्याने त्यांच्याकडेही दुसरा मार्ग नव्हता.

मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारीला निकाल आला. त्याचा गाभा असा, की दावा बरोबर की चूक हे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवावं. करदात्याला दावा मांडताच येऊ नये अशी प्रणाली खात्याने बनवू नये. पुढे अर्थसंकल्पाने कायदाच बदलला आणि विशेष दराच्या उत्पन्नावर ही सूट नाही हे २०२५-२६ पासून स्पष्ट केलं. पण मधल्या काळात लाखो लोकांनी पडद्यावर आलेला आकडा म्हणजेच कायदा असं मानून पैसे भरून टाकले असणार. सॉफ्टवेअर नाही म्हणालं म्हणजे कायदा नाही म्हणाला असं नव्हे, हे ओळखायला कायदा वाचणारा माणूस लागतो. तो प्रत्येक रिटर्नला लागत नाही, पण तो कुठेतरी असावा लागतो.

इतकं वाचून व्यावसायिकाचं पारडं जड झाल्यासारखं वाटेल, तर आता दुसरी बाजू.

रिटर्न भरून द्यायला भारतात कुठलाही परवाना लागत नाही. सीएने करायचं म्हणून कायद्याने राखून ठेवलेलं काम म्हणजे टॅक्स ऑडिट. खात्यासमोर तुमची बाजू मांडायची असेल तर सीए, वकील अशी पात्रता लागते. बाकी रिटर्न तर झेरॉक्सच्या दुकानातला पोरगाही भरून देतो. तालुक्याच्या गावी 'इन्कमटॅक्सचे वकील' म्हणून वर्षानुवर्षे नाव असलेली माणसं असतात, त्यातली काही सीएंपेक्षा जाणती. आणि काही अशी, की ज्यांची ख्याती 'रिफंड काढून देतो' एवढीच. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्या अशा मध्यस्थांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. त्यात महाराष्ट्रही होता. न दिलेलं घरभाडं, राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या, नसलेली शैक्षणिक कर्जं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित माहिती भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं खात्याने तेव्हा सांगितलं. यातल्या कितीजणांना आपल्या रिटर्नमध्ये काय लिहिलंय हे ठाऊक होतं, ते देव जाणे.

कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. रिटर्नखालचं सत्यापन तुमच्या नावाने असतं. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड, खोटी माहिती दिली तर २०० टक्के, आणि तो भरून देणाऱ्याला नव्हे, तुम्हाला. म्हणून रिफंडच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. सनदी लेखापालांच्या आचारसंहितेत अशा टक्केवारीच्या फीला मनाई आहे. म्हणजे तसं मागणारा एकतर सीए नाही किंवा असूनही नियम मोडतोय. त्यांच्यावर जाहिरातीचीही वर्षानुवर्षे कडक बंधनं आहेत. म्हणूनच जुलैत मोबाइलवर दिसतात त्या सगळ्या जाहिराती वेबसाइट्सच्या, आणि सीए मात्र शेजाऱ्यांनी सांगितल्यावरच सापडतो.

दुसरी गोष्ट पासवर्डची. 'तुमचं सगळं मी बघतो' म्हणणारा पोर्टलवर स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल नंबर टाकून ठेवतो. सदोष रिटर्नची नोटीस आली तर सुधारायला पंधरा दिवस असतात. ती त्याच्या मेलबॉक्समध्ये पडून राहते, तो गावाला गेलेला असतो आणि तुम्हाला दीड वर्षाने मागणीपत्र आल्यावर कळतं. खात्याने सीएला अधिकृतपणे जोडायची सोय पोर्टलवरच दिली आहे. पासवर्ड द्यायची गरज नाही. ईमेल आणि फोन आपलाच ठेवावा, आणि काम झाल्यावर नुसती पावती न घेता उत्पन्नाच्या गणनेचं पान, लोक ज्याला कॉम्प्युटेशन म्हणतात ते, मागून घ्यावं. त्या एका पानावर कुठून किती धरलंय हे सगळं दिसतं आणि ते वाचायला सीए असावं लागत नाही.

आणि सीएच्या ऑफिसात जुलैत एकदा डोकावून पाहाच. तिथेही सॉफ्टवेअरच चालू असतं: कॉम्प्युटॅक्स, विनमॅन, जीनियस. आर्टिकलशिप करणारी मुलं फॉर्म १६ समोर ठेवून आकडे भरत असतात, साहेब शेवटी नजर टाकतात. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते साहेबांनी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांचे. 'यंदा काही विकलंत का? नोकरी बदलली का? मुलाला परदेशी पैसे पाठवले का?' असं काहीच न विचारता 'फॉर्म सोळा व्हॉट्सअॅप करा' एवढंच उत्तर येत असेल, तर तेच काम घरी पोर्टलवर फुकट होतं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: यंदाचं वर्ष गेल्या वर्षासारखंच गेलं का? गेलं असेल तर स्वतः भरा. नोकरी बदलली, घर विकलं, वारसा मिळाला, परदेशातून आलात किंवा गेलात, धंदा सुरू केला, खात्याची नोटीस आली, तर त्या वर्षापुरता चांगला माणूस गाठा. २०२० पासून चौकशीही चेहराविरहित झाली आहे. अधिकारी समोर बसत नाही, सगळं लेखी. अशा वेळी नेमकं लिहिणारा माणूस सोन्यासारखा. छोट्या व्यावसायिकांनीही सुरुवातीला विचारावं: डॉक्टर, आर्किटेक्ट यांना ठरावीक मर्यादेत निम्मी जमा नफा म्हणून दाखवून 'सुगम', म्हणजे आयटीआर-४, भरता येतो, पण दुकानदाराने ही ठोक पद्धत एकदा सोडली की पाच वर्षं परतता येत नाही. हे 'सुगम' कुठे मोठ्या अक्षरात सांगत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं दुखणं वेगळं. तिथे सरकारने डायरेक्ट फाइल नावाचं स्वतःचं मोफत पोर्टल २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू केलं, पुढच्या वर्षी २५ राज्यांत नेलं आणि २०२६ साठी बंद केलं. त्यामुळे टर्बोटॅक्ससारखी विकत घ्यायची सॉफ्टवेअर्स किंवा सीपीए, म्हणजे तिकडचा सीए. भारतातल्या बँक खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम झाली तर एफबार हा वेगळा फॉर्म लागतो. आणि आईवडिलांनी हौसेने चालू ठेवलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी तिकडच्या कायद्यात पीएफआयसी ठरते, जिच्यावरचा हिशेब भल्याभल्यांना जमत नाही. न्यू जर्सीतल्या साध्या पगारदाराला सॉफ्टवेअर पुरतं, तो फक्त दादरच्या फंडाचं नाव काढेपर्यंत.

इकडे १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन ५३६ कलमांचा प्राप्तिकर कायदा, २०२५ आला. मूल्यांकन वर्ष हा शब्दच गेला, 'करवर्ष' आलं. सगळ्यांच्या तोंडी बसलेलं ८०सी आता कलम १२३ झालं. त्याखालची पहिली रिटर्न्स २०२७ मध्ये भरली जातील, तर जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्या कलमांनीच येत राहतील. सीए आणि सॉफ्टवेअर बनवणारे दोघेही त्या वर्षी नवशिके असतील. जून २०२१ मध्ये नवं पोर्टल सुरू झालं तेव्हा ते इतकं अडखळलं, की अर्थमंत्र्यांना ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घ्यावं लागलं आणि रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. २०२७ मध्ये फॉर्म खुले झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणी रिटर्न भरायची घाई करू नये, मग ते स्वतः भरा किंवा भरून घ्या.